आधी नंबर, मग अर्ज : पोलीस ठाण्यातले कागद कसे मिळवायचे

कुपवाडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. साडेचार महिन्यांपूर्वी अंकली पुलाजवळ त्यांच्या वडिलांच्या मोटारसायकलीला टेम्पोनं धडक दिली आणि वडिलांचा दवाखान्यात मृत्यू झाला. विमा कंपनी एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा) आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट मागते. ठाण्यात गेल्यावर 'माहिती अधिकारात टाका' असं सांगितलं. अर्ज टाकला, तर महिन्यानं 'तपास सुरू असल्याने कलम ८(१)(ज) नुसार माहिती देता येत नाही' असं पत्र आलं. त्या पत्राला आता बारा दिवस झालेत. ते विचारतात, 'सांगलीच्या पोलीस आयुक्तांकडे अपील करू का?'

मी खात्यात बत्तीस वर्षं काढली. त्यातली बरीच क्राइम मोहरर म्हणून गुन्ह्यांची रजिस्टरं लिहिण्यात गेली आणि शेवटची काही माहिती अधिकाराच्या टेबलावर. म्हणजे असले अर्ज नाकारणारी पत्रं मीही टाइप केली आहेत. त्यामुळं कुठल्या पत्रात दम असतो आणि कुठलं पत्र नुसतं सवयीनं गेलेलं असतं, हे थोडंफार कळतं.

पहिली गोष्ट, सांगलीला पोलीस आयुक्त नाहीत. सांगली-मिरज-कुपवाडला महापालिका आहे, आणि आयुक्त आहेत ते त्या महापालिकेचे. पोलिसांच्या हिशेबी शहर आणि ग्रामीण असा सगळा जिल्हा एकाच पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येतो. त्यांचं कार्यालय विश्रामबागला, आणि त्यांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. साताऱ्यातही तीच रचना. पुण्याचे किंवा सोलापूरचे नमुने बघून लोक 'मा. पोलीस आयुक्त, सांगली' असं पाकिटावर लिहितात. ते पाकीट महापालिकेच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर पडून तिथून आमच्याकडं आलेलं मी पाहिलंय. तोवर अपिलाची मुदत संपायला आलेली असते. तुमचं पहिलं अपील कुणाकडं करायचं, हे त्या नकाराच्या पत्रातच शेवटी लिहिलेलं असायला हवं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(८) प्रमाणे नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं बंधनकारक आहे. नसेल लिहिलं, तर ठाण्यातला माहिती अधिकाराचा फलक बघा.

पण अपिलाच्या आधी त्याहून तातडीचं सांगतो. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मधली ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली आहे. तुमचे साडेचार महिने गेलेत. कागद गोळा करून मग दावा टाकू, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. गुन्ह्याचा नंबर, गाडीचा नंबर आणि वडिलांचा मृत्यू दाखला एवढ्यावर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिलामार्फत दावा दाखल होतो. बाकीचे कागद मागाहून जोडता येतात, आणि न्यायाधिकरणामार्फत पोलिसांकडून मागवताही येतात. खरं म्हणजे तुमचे निम्मे कागद याच वाटेनं येणार आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पोलीस ठाण्यात कागद कुणाच्या नावानं लागत नाहीत, नंबरानं लागतात. 'माझ्या वडिलांच्या अपघाताची सर्व कागदपत्रे' असं लिहिलेला अर्ज मोहररच्या हातात पडला, की त्याला तारीख, हद्द, नाव यांवरून रजिस्टर उलटवत बसावं लागतं. दुसरीकडं चार माणसं उभी असतात, आणि मग 'बोध होत नाही' असं उत्तर तयार होतं. 'गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) अमुक/अमुक' लिहिलंत, की दोन मिनिटांत फाइल निघते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी नंबर शोधा.

तुमच्या प्रकरणात एक नव्हे, बहुधा दोन नंबर आहेत. अपघाताचा गुन्हा ज्या हद्दीत घडला तिथं दाखल होतो. अंकली पूल म्हणजे कृष्णा, आणि तिथं कृष्णा हीच दोन जिल्ह्यांची शीव. अंकलीच्या बाजूला सांगली ग्रामीण पोलीस ठाणं, तर पलीकडं उदगाव हे शिरोळ तालुक्यात, म्हणजे जयसिंगपूर पोलीस आणि कोल्हापूरचे अधीक्षक. पुलाच्या कुठल्या टोकाला धडक झाली यावर सगळं ठरतं. तुम्ही नेमकं कुठल्या ठाण्यात अर्ज दिलात, हे प्रश्नात लिहिलेलं नाही, ते तपासा. चुकीच्या ठाण्यात गेला असेल, तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. पण वर्ग करायचं काम कुणाच्या टेबलावर किती दिवस राहतं, हे मी बाहेर सांगू नये.

दुसरा नंबर मृत्यूचा. माणूस जागेवर न दगावता दवाखान्यात मरण पावला, तर तिथला डॉक्टर त्या दवाखान्याच्या हद्दीतल्या ठाण्याला कळवतो. ते ठाणं अकस्मात मृत्यूची (अ.मृ.) नोंद शून्य नंबरानं, म्हणजे हद्द दुसऱ्याची म्हणून तात्पुरती घेतं, इन्क्वेस्ट पंचनामा करतं आणि कागद मूळ हद्दीच्या ठाण्याकडं पाठवतं. म्हणजे इन्क्वेस्ट एका ठाण्याच्या हातचा आणि घटनास्थळाचा पंचनामा दुसऱ्याच्या. विमा कंपनीला दोन्ही लागतात. लोक एकाच ठाण्यात खेटे घालतात, तिथं एकच सापडतो, आणि मग 'पोलीस कागद दाबतात' असा समज होतो. कधी कधी दाबतातही. पण निम्म्या वेळा कागद तिथं नसतोच.

अकस्मात मृत्यूच्या बाबतीत आणखी एक. त्याचा अहवाल न्यायालयाकडं जात नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं जातो. मिरज भागातला असेल तर प्रांत कार्यालयात. मोटारसायकल एकटीच घसरून माणूस गेला आणि गुन्हाच दाखल झाला नाही, अशा प्रकरणात ठाण्यात फक्त अ.मृ. नंबर सापडतो. तुमच्यात टेम्पो आहे, म्हणजे गुन्हा असणार. तरी फिर्याद कुणी दिली आणि आरोपी कोण दाखवलाय, हे वाचा. मयतालाच आरोपी करून 'अबेटेड समरी' (आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद) पाठवलेली प्रकरणं होतात. ती वारसांना विमा कंपनीच्या पत्रातून कळतात, हे फार वाईट.

नंबर शोधायला ठाण्यात जायचीही गरज नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. जिल्हा, ठाणं आणि तारखेची मर्यादा टाकली की त्या दिवसांतल्या एफआयआर दिसतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या निकालात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितली. नेटवर्कची अडचण असेल तिथं ७२ तासांपर्यंत सूट दिली. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद असले संवेदनशील गुन्हे तिथं दिसणार नाहीत, आणि दिसूही नयेत. अपघाताचा गुन्हा त्यात मोडत नाही. घटनेच्या तारखेपासून पुढं आठ-दहा दिवस बघा, कारण जखमी दवाखान्यात असताना फिर्याद उशिरा दाखल होते.

एफआयआरची शिक्क्याची प्रत हवी असेल, तर माहिती अधिकाराची गरजच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची आहे. पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारस येतो. तुम्ही मुलगा आहात, म्हणजे वारस आहात. आधार कार्ड, मृत्यू दाखला आणि साधा एक पानी अर्ज घेऊन ठाणे अंमलदाराकडं जा, आणि अर्जात कलमाचा आकडा लिहा. आकडा लिहिलेला अर्ज बघितला की टेबलावरचा सूर बदलतो, हे स्वानुभवानं सांगतो. त्याच संहितेत कलम १९३ खाली आणखी एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. तपासी अंमलदारानं ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. साडेचार महिने झाले आणि तुम्हाला एसएमएससुद्धा आला नसेल, तर अपिलात ते लिहा.

पंचनामा, कच्चा नकाशा, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, पीएम, टेम्पोच्या विम्याची प्रत हे सगळे कागद अपघाताच्या प्रकरणात एका वेगळ्या चाकोरीतून फिरतात. २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे, की तपासी अंमलदारानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, आणि त्याची प्रत विमा कंपनीला आणि मयताच्या वारसांनाही. गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये हे सगळं पाळायला पुन्हा बजावलं. म्हणजे विमा कंपनी जे कागद तुमच्याकडं मागते, ते नियमाप्रमाणं तिच्याकडं पोलिसांकडून गेलेले असायला हवेत. कंपनीला लेखी विचारा, की सविस्तर अपघात अहवाल मिळाला का? आणि ठाण्यात त्याच नावानं मागा, 'पंचनामा द्या' म्हणू नका. 'डार' (डिटेल्ड ॲक्सिडेंट रिपोर्ट) म्हटलं की अपघाताचं काम बघणाऱ्या अंमलदाराला लगेच कळतं.

दोषारोपपत्र न्यायालयात गेलं असेल, तर आणखी सोपं. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज, नक्कल फी, आणि पानांच्या हिशेबानं प्रमाणित प्रती. न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल विमा कंपनीला ठाण्याच्या झेरॉक्सपेक्षा जास्त चालते. तुमचा वकील हजर असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली आरोपीबरोबर पीडितालाही संच द्यायची तरतूद आहे. मात्र दोषारोपपत्र एफआयआरसारखं संकेतस्थळावर शोधू नका. जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकायला नकार दिला आहे.

एवढ्या वाटा असताना ठाण्यात 'माहिती अधिकारात टाका' असं का सांगतात? कारण तेवढं म्हटलं की समोरचा माणूस तीस दिवस परत येत नाही. मीही म्हटलंय.

तरी माहिती अधिकार लागतोच. ठाणे दैनंदिनीतली नोंद, तुमच्या जुन्या तक्रारी अर्जावर झालेली चौकशी, 'दप्तरी दाखल' (कारवाईविना फाइलबंद) झालेल्या अर्जाचे जबाब, ११२ वर केलेल्या फोनची नोंद, यांना दुसरी सरळ वाट नाही. त्यामुळं अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. दारिद्र्यरेषेखालचं पिवळं रेशनकार्ड असेल तर तीही माफ. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज जातो. पण ठाण्याच्या कागदांसाठी मी तरी हातानं देऊन पोहोच घ्यायला सांगतो.

अर्जात प्रश्न विचारू नका. 'टेम्पोचालकाला अटक का केली नाही?' हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर तयार करून देणं माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, आणि तो तसंच लिहून मोकळा होतो. कागद मागा. असं लिहा :

'आपल्या ठाण्याकडील गु.र.नं. ___/२०__ मधील पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात : घटनास्थळ पंचनामा व कच्चा नकाशा, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहन तपासणी अहवाल, सविस्तर अपघात अहवाल. दोषारोपपत्र न्यायालयात पाठवले असल्यास जावक क्रमांक व दिनांक. अर्जदार मयताचा मुलगा व कायदेशीर वारस आहे. एखाद्या कागदाचा काही भाग देता येत नसल्यास तो झाकून उर्वरित भाग कलम १० प्रमाणे द्यावा.'

शेवटचं वाक्य वगळू नका. त्यानं 'सगळंच नाही' असं उत्तर द्यायची वाट अरुंद होते.

आता तुमच्या नकाराकडं. आधी अक्षराचा घोळ. कायद्याच्या मराठी प्रतीत उपखंड क, ख, ग, घ असे जातात. त्यामुळं मराठीतला 'ज' म्हणजे इंग्रजी प्रतीतला 'एच', तपासाला अडथळा येईल अशी माहिती. इंग्रजीतला 'जे', खाजगी माहितीचा, तो मराठीत 'ञ' होतो. लोक 'ज' वाचून इंटरनेटवर 'जे' शोधतात आणि अपिलात खाजगी माहितीवर दोन पानं लिहितात. अपिलीय अधिकारी ते वाचून हसतो आणि अपील फेटाळतो. असं एक अपील मी स्वतः ऐकायला बसलो होतो. मुद्दा अर्जदाराच्या बाजूचा होता, पण लढाई भलत्याच कलमाशी.

'ज' मध्ये लिहिलंय, की माहिती दिल्यानं तपासाला, आरोपीला पकडायला किंवा खटल्याला अडथळा येत असेल तर नाकारता येते. नुसता 'तपास चालू आहे' म्हणून नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ च्या भगतसिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय, आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं कलम १९(५) नं माहिती अधिकाऱ्यावरच टाकलंय. अपिलात एवढंच विचारा, की घटनास्थळाचा पंचनामा मयताच्या मुलाला दिल्यानं नेमका कोणता अडथळा येतो, ते पत्रात कुठंच नाही. इन्क्वेस्ट आणि पीएम तर झाले त्याच दिवशी गोठलेले कागद आहेत, त्यात आता काय बदलणार? तरीही साक्षीदारांचे जबाब आणि तपासी अंमलदाराची केस डायरी मागायच्या भानगडीत पडू नका. तिथं 'ज' ला खरा आधार आहे, आणि ते मागितलं की बाकीचे सोपे कागदही त्याच गठ्ठ्यात अडकतात.

अपील तीस दिवसांत. बारा गेले, अठरा उरले. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जाची आणि नकाराच्या पत्राची झेरॉक्स, एवढं पुरतं. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायचा. तिथंही नाही मिळालं, तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या प्रकरणात न्यायाधिकरणाची वाट आधी सांगितली. नाकारण्यात खोड दिसली, तर आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड लावू शकतो. तो त्याच्या पगारातून जातो, त्यामुळं अपिलात कलम २० चा नुसता उल्लेखही काम करतो.

जुन्या कागदांचं थोडं वेगळं. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेचा कागद असेल, तर कलम ८(३) मुळं 'ज' लागूच होत नाही. मग दुसरं उत्तर येतं : 'अभिलेख आढळून येत नाही'. सांगलीत त्याला पुराची जोड मिळते. २००५ आणि २०१९ चे दोन्ही महापूर पाहिलेल्या गावात 'पुरात भिजले' हे खरंही असू शकतं. एका ठाण्यानं मात्र पूर ओसरल्यानंतरच्या वर्षीच्या नोंदीलाही तेच कारण दिलेलं मी वाचलंय. गहाळ होणं हे नाकारण्याचं कारण कायद्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणून 'आढळून येत नाही' आलं, की पुढचा अर्ज असा करा : तो अभिलेख नष्ट केल्याच्या आदेशाची आणि नष्ट केलेल्या अभिलेखाच्या यादीची प्रत द्यावी. पुष्कळदा त्यानंतर मूळ कागदच सापडतो.

सीसीटीव्हीचं मात्र लगेच करायचं असतं. ठाण्यात काय घडलं याचं चित्रण हवं असेल, तर परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने जपून ठेवायला सांगितलंय. पण रस्त्यावरचे, पेट्रोल पंपाचे, हॉटेलांचे कॅमेरे काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा चित्रण करतात. तुमच्या अपघाताचं ते आता गेलंच असेल. तपासात कुणी ताब्यात घेतलं असेल, तर मुद्देमालाच्या नोंदीत दिसेल. तेवढी नोंद मागून बघा.

आणि रेल्वेखाली सापडून मृत्यू झाला असेल, तर यातलं काहीच सांगलीच्या अधीक्षकांकडं नाही. तो कागद मिरजच्या लोहमार्ग पोलिसांचा, आणि ते पुणे लोहमार्ग अधीक्षकांच्या हाताखाली. मागच्या वर्षी एक बाई विश्रामबागला चार चकरा मारून आल्या होत्या, म्हणून सांगितलं.

तुमच्यापुरतं आता : उद्या पोर्टलवर नंबर काढा, परवा वकिलाला गाठा, आठवड्याच्या आत अपील. अपील हातानं द्यायला सकाळी अकराच्या सुमाराला जा, तोवर अधिकारी बाहेर पडलेले नसतात आणि बारनिशीचा कारकून जागेवर असतो. तो 'ठेवून जा' म्हणाला, तर ठेवून येऊ नका. झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसेल तर घेणाऱ्याची सही आणि बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला नंबर). तेही नाही, तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा. रजिस्टर एडी आता वेगळं उरलेलं नाही, ते स्पीड पोस्टातच गेलंय. पावती फाइलला टाचणीनं लावू नका, चिकटवा. टाचणी गंजते आणि पावती पडते, हे मी रेकॉर्ड रूममध्ये शंभरदा पाहिलंय.